आहारातील प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये आणि वार्धक्य

डब्यात फार दिवस राहिलेल्या शेंगदाण्यांना किंवा खोबऱ्याला जो खवट वास येऊ लागतो, त्याचे कारण त्यांतील तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी होणारा संयोग हे होय. हा संयोग एका टप्प्यात उरकत नाही. तेलातील असंतृप्त मेदाम्लाच्या एखाद्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू निसटला, की त्या जागी एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. असा एकाकी इलेक्ट्रॉन धारण करणाऱ्या रेणूस मुक्त मूलक म्हणतात. हे मूलक ऑक्सिजनशी संयोग पावते आणि शेजारच्या मेदाम्लातील हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः स्थिर होते. परंतु त्यामुळे तो शेजारचा रेणू मूलक बनतो आणि हाच प्रकार पुढे चालू राहतो. एका ठिणगीने गंजी पेटावी तशी ही शृंखला-विक्रिया सगळ्या तेलात पसरते. जो पदार्थ आपला हायड्रोजन सहजी देऊन टाकतो आणि तो दिल्यावर स्वतः मात्र फारसा आक्रमक होत नाही, तो पदार्थ या शृंखलेत खंड पाडतो. त्यालाच प्रतिऑक्सिडीकारक अशी संज्ञा आहे. तिळाचे तेल इतर अनेक तेलांपेक्षा जास्त दिवस टिकते, ते त्यातील सेसमॉल व तत्सम द्रव्यांमुळे. लोणी कढविताना त्यात विड्याचे पान टाकण्याची जी रीत महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आहे, तिच्यामागेही केवळ सुवासाची हौस नाही. त्या पानातील फिनॉल-वर्गीय द्रव्ये तुपाचे खवट होणे लांबवितात.

मनुष्यदेहातील पेशींची आवरणे अशाच असंतृप्त मेदाम्लांची बनलेली असतात आणि देहाला ऑक्सिजनचा पुरवठा तर अहोरात्र होत असतो. मग देहही आतून हळूहळू 'खवट' होत असेल काय, आणि वार्धक्य म्हणतात ते याच क्रियेचे दृश्य रूप असेल काय, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या अभ्यासकास सुचावा हे स्वाभाविक आहे. तथापि तो सुचण्यास बराच अवधी लागला. मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली पहिले स्थिर मुक्त मूलक सिद्ध केले, परंतु त्यानंतर अर्धशतकभर अशी मूलके कारखान्यातील विक्रियांत किंवा ज्वालेत सापडावयाची, सजीव पेशीत त्यांना स्थान नाही, अशीच समजूत प्रचलित होती. १९५४ साली बॅरी कॉमनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजीव ऊतकांत मूलकांचे अस्तित्व उपकरणाने दाखवून दिले. त्याच वर्षी रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की ऑक्सिजनच्या आधिक्याने होणारी विषबाधा आणि क्षकिरणांनी होणारी इजा या दोहोंच्या मुळाशी एकच यंत्रणा, म्हणजे मुक्त मूलकांची निर्मिती, असली पाहिजे. या पार्श्वभूमीवर डेन्हम हार्मन यांनी १९५६ साली आपली उपपत्ती मांडली. हार्मन हे मूळचे एका तेल कंपनीतील रसायनज्ञ. मागाहून ते वैद्यकाकडे वळले होते. नित्य श्वसनक्रियेत उपपदार्थ म्हणून निर्माण होणारी मूलके पेशींतील रेणूंना अव्याहत इजा करीत राहतात आणि या इजांचा संचय म्हणजेच वार्धक्य, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. १९७२ साली त्यांनी या क्रियेचे केंद्र म्हणून तंतुकणिकांकडे, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या स्थानाकडे, बोट दाखविले.

आरंभी या उपपत्तीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी गाईच्या रक्तपेशींतील एका प्रथिनाचे कार्य ओळखले. सुपरऑक्साइड या मूलकाचा नाश करणे, हेच त्या एंझाइमाचे काम होते. ज्या शत्रूसाठी देहाने स्वतंत्र पहारेकरी नेमला आहे, तो शत्रू काल्पनिक असू शकत नाही, असा युक्तिवाद मग सर्वत्र मान्य झाला. सुपरऑक्साइडपासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारी कॅटलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एंझाइमे, पेशीच्या आवरणात राहून मेदाम्लांची शृंखला तोडणारे ई जीवनसत्त्व, आणि स्वतः मूलक बनलेल्या ई जीवनसत्त्वास पुन्हा पूर्वस्थितीत आणणारे क जीवनसत्त्व, अशी संरक्षणाची एक सुसंगत व्यवस्था १९८० च्या सुमारास अभ्यासकांपुढे उभी राहिली. या व्यवस्थेतील काही घटक आहारातूनच यावे लागतात. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वदेहातच तयार करतात. मनुष्य, वानरे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांनी मात्र ही क्षमता गमावलेली आहे. तेव्हा वार्धक्य दूर ठेवावयाचे तर ही द्रव्ये आहारातून वाढवावीत, आणि आहारातून वाढविणे गैरसोयीचे असेल तर त्यांच्या गोळ्या घ्याव्यात, हा निष्कर्ष फार दूर नव्हता. या निष्कर्षाच्या उत्तरार्धाने पुढे जो घोटाळा केला, तो प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे.

भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग आणि हृद्रोग यांचे प्रमाण कमी आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसत होते. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी, असाही संबंध आढळला. गाजर, पिकलेला आंबा, लाल भोपळा आणि सर्व हिरव्या पालेभाज्या यांत विपुल असणारे हे रंगद्रव्य प्रतिऑक्सिडीकारक आहे, हे ज्ञात होतेच. १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात या संबंधाची चिकित्सा केली. कॅरोटीन हेच खरे कारण आहे, की ते अन्य कशाचे निदर्शक आहे, हे केवळ पाहण्यांवरून ठरणार नाही, त्यासाठी नियंत्रित प्रयोगच करावे लागतील, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे प्रयोग झाले.

त्यांतील पहिला मोठा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. ५० ते ६९ वर्षे वयाचे २९,१३३ धूम्रपानी पुरुष त्यात सहभागी होते. कोणाला रोज २० मि. ग्रॅ. बीटा-कॅरोटीन, कोणाला ५० मि. ग्रॅ. ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही आणि कोणाला नुसती द्रव्यरहित गोळी, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली होती. पाच ते आठ वर्षांनंतर, १९९४ साली, जे फलित प्रसिद्ध झाले ते अपेक्षेच्या नेमके उलट होते. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रुग्ण निघाले, न घेणाऱ्यांत ४०२. म्हणजे वाढ शेकडा १८. एकूण मृत्यूही शेकडा ८ ने अधिक होते. ई जीवनसत्त्वाने या रोगावर काहीच परिणाम केला नाही. फलित इतके अनपेक्षित होते की तो योगायोग असावा, असे अनेकांना वाटले. परंतु अमेरिकेत १८,३१४ धूम्रपानी, पूर्वी धूम्रपान केलेल्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या व्यक्तींवर असाच प्रयोग चालू होता. त्यात कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये तो नियोजित मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा २८ ने व एकूण मृत्यू शेकडा १७ ने अधिक आढळले. याच सुमारास २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या प्रयोगाचेही फलित हाती आले. या गटात धूम्रपानी फार थोडे होते. तेथे कॅरोटीनने ना हित केले ना अहित.

फिनलंडच्या प्रयोगातील एक उपनिष्कर्ष या सर्वांहून अधिक बोधक आहे. प्रयोगाच्या प्रारंभी, एकही गोळी घेण्यापूर्वी, ज्यांच्या रक्तात कॅरोटीनचे प्रमाण अधिक होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमीच झाला. म्हणजे जुन्या पाहण्या खोट्या नव्हत्या. त्याच माणसांत, त्याच काळात, जेवणातून रक्तात आलेले कॅरोटीन अल्प रोगाशी निगडित होते आणि गोळीतून आलेले कॅरोटीन अधिक रोगाशी. यातून सुचणारा अर्थ एवढाच, की रक्तातील कॅरोटीन हे भाज्या-फळे खाणाऱ्या आणि एकंदरीत निराळ्या रीतीने राहणाऱ्या मनुष्याची खूण होते. पेटो-डॉल यांनी जी शंका तेरा वर्षांपूर्वी घेतली होती, ती येथे अक्षरशः खरी ठरली. संख्याशास्त्राच्या वर्गात सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील भेद शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पण अहित का व्हावे? याचे एक उत्तर प्रयोग सुरू होण्याच्या सुमारासच छापून आलेले होते. बर्टन व इंगोल्ड या रसायनज्ञांनी १९८४ साली दाखविले होते की, बीटा-कॅरोटीन हे ऑक्सिजनच्या अल्प दाबाखाली उत्तम प्रतिऑक्सिडीकारक असते. दाब वाढला की त्याची ही शक्ती घटते आणि संहत स्थितीत ते उलट ऑक्सिडीभवनास मदत करू लागते. देहात ऑक्सिजनचा दाब सर्वांत अधिक कोठे असेल तर तो फुप्फुसात. आणि धूम्रपानी मनुष्याच्या फुप्फुसात तर धुरातील मूलकांचा नित्य मारा असतो. अशा ठिकाणी कॅरोटीनचे तुकडे होऊन त्यांतून घातक द्रव्ये निर्माण होतात, असे स्पष्टीकरण आज सामान्यतः स्वीकारले जाते. प्रतिऑक्सिडीकारक हा कोणत्याही द्रव्याचा कायमचा स्वभाव नसून तो परिस्थितीवर अवलंबून असलेला गुण आहे, ही गोष्ट भौतिक रसायनाच्या अभ्यासकास नवी नाही. वैद्यकाला मात्र ती महागात पडून कळली.

पुढील वर्षांत ई जीवनसत्त्वाचीही परीक्षा झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके घेऊनही हृद्रोगात घट झाली नाही. आणि ३५,५३३ पुरुषांवरील दुसऱ्या एका प्रयोगात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग शेकडा १७ ने अधिक निघाला. अशा ७८ प्रयोगांचा आणि त्यांतील २,९६,७०७ व्यक्तींचा एकत्रित विचार करून २०१२ साली जो अहवाल निघाला, त्यात या गोळ्यांनी आयुष्य वाढते असा कोणताही पुरावा आढळला नाही. बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्व यांच्या बाबतीत तर मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असल्याचे दिसले. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चीनमधील लिन्शियन येथे, जेथील लोकांचा आहार जीवनसत्त्वांच्या दृष्टीने निकृष्ट होता, २९,५८४ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांच्या अल्प मात्रेने एकूण मृत्यू शेकडा ९ ने घटले (१९९३). उणीव भरून काढणे आणि भरलेल्या पात्रात आणखी ओतणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भारतासारख्या देशात, जेथे एकाच गल्लीत दोन्ही प्रकारची माणसे राहतात, हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो.

दरम्यान मूळ उपपत्तीचीही पुनर्तपासणी होत होती. हार्मन यांच्या स्वतःच्याच प्रयोगांत असे दिसले होते की, उंदरांना प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये चारली असता त्यांचे सरासरी आयुष्य काही वेळा वाढते, पण कमाल आयुर्मर्यादा ढळत नाही. आफ्रिकेतील केशहीन छछुंदरी-उंदीर हा प्राणी तीस वर्षांहून अधिक जगतो. साध्या उंदराचे आयुष्य तीन-चार वर्षांचे. असे असूनही या दीर्घायुषी प्राण्याच्या ऊतकांत ऑक्सिडीभवनाने झालेली इजा साध्या उंदराहून अधिकच आढळली. २००९ साली उंदरांच्या प्रतिऑक्सिडीकारक एंझाइमांत आनुवंशिक फेरफार केलेल्या १८ प्रकारांचा आढावा प्रसिद्ध झाला; त्यांपैकी केवळ एकाच प्रकारात आयुर्मर्यादेवर अपेक्षित परिणाम झालेला होता. याच वर्षी जर्मनीतील एका प्रयोगाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम देण्यात आला. त्यांपैकी निम्म्यांना रोज १,००० मि. ग्रॅ. क आणि ४०० एकके ई जीवनसत्त्व दिले. व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा देहाचा प्रतिसाद सुधारतो, हे ज्ञातच आहे. गोळ्या न घेणाऱ्यांत तो सुधारला. घेणाऱ्यांत सुधारला नाही. व्यायामाच्या वेळी निर्माण होणारी मूलके ही देहाला मिळणारी सूचना असते, आणि ती सूचना गोळ्यांनी मधल्यामध्ये दाबून टाकली, असा याचा अर्थ लावला जातो. शत्रू समजून ज्याचा पाठलाग केला तो निरोप्याही निघाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

एवढे सगळे झाल्यावर भाज्या-फळांची महती कमी होते काय? ती मुळीच होत नाही. दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष आजही एकाच दिशेचे आहेत. अमेरिकेतील एक लाखाहून अधिक परिचारिका व आरोग्य-व्यावसायिक यांच्या पाहणीत (२०२१) दिवसातून पाच वाढप भाज्या व फळे घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण दोन वाढप घेणाऱ्यांपेक्षा सुमारे शेकडा १३ ने कमी होते. फळांचे रस आणि बटाट्यासारख्या पिष्टमय भाज्या यांचा मात्र असा लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोजची किमान मात्रा ४०० ग्रॅम सांगितली आहे. स्पेनमधील ७,४४७ व्यक्तींवरील प्रयोगात ऑलिव्ह तेल किंवा कवचफळे यांची जोड असलेल्या भूमध्य-सागरी आहाराने हृद्रोगादी विकार सुमारे शेकडा ३० ने घटले. या प्रयोगाच्या विभागणीत दोष आढळल्यामुळे २०१३ चा मूळ निबंध मागे घेऊन २०१८ साली तो सुधारून पुन्हा छापण्यात आला. निष्कर्ष बहुतांशी तोच राहिला. प्रश्न आहे तो लाभाच्या कारणाचा.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. १९९६ साली सात निरोगी तरुणांवर झालेल्या काटेकोर प्रयोगात असे दिसले की, रोज सुमारे १०० मि. ग्रॅ. मिळाले की रक्तातील श्वेतपेशी या जीवनसत्त्वाने पूर्ण भरतात. मात्रा वाढवीत नेली तर अधिकाचा बहुतेक भाग मूत्रावाटे बाहेर पडतो. शंभर ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व २०० मि. ग्रॅ. हून अधिक असते. आवळ्यासाठी जुन्या भारतीय कोष्टकांत दर शंभर ग्रॅमला ६०० मि. ग्रॅ. हा आकडा आढळतो, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत तो सुमारे २५० आहे. आकड्यांतील ही तफावत जात, पक्वता व मापनपद्धती यांच्यामुळे पडू शकते. परंतु धाकटा आकडा धरला तरी एका आवळ्याने दिवसाची गरज भागते. हजार मिलिग्रॅमच्या गोळीला मग फारसे प्रयोजन उरत नाही.

चहा, द्राक्षे, कांदा, हळद, जांभूळ यांतील पॉलिफिनॉल-वर्गीय द्रव्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. परीक्षानळीत ही द्रव्ये प्रभावी ठरतात, परंतु आतड्यातून त्यांचा अल्पांशच रक्तात जातो, आणि तोही यकृतात रूपांतर पावून. रक्तातील त्यांचे प्रमाण क जीवनसत्त्वाच्या आणि यूरिक अम्लाच्या मानाने नगण्य असते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची प्रतिऑक्सिडीकारक शक्ती वाढते हे मोजून दाखविले गेले होते. परंतु २००४ साली असे सिद्ध झाले की ती वाढ फळातील पॉलिफिनॉलांची नसून, फळशर्करेमुळे देहात वाढलेल्या यूरिक अम्लाची आहे. अन्नपदार्थांची परीक्षानळीतील शक्ती मोजून त्यांची प्रतवारी लावणारे एक कोष्टक अमेरिकेच्या कृषिखात्याने २००७ साली प्रसिद्ध केले होते. जाहिरातदारांनी त्याचा यथेच्छ वापर केला. या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध प्रस्थापित होत नाही असे सांगून त्या खात्याने २०१२ साली ते मागे घेतले. तरीही त्यातील आकडे वेष्टनांवरून अधूनमधून डोके वर काढतातच.

मग ही द्रव्ये निरुपयोगी समजावीत काय? येथे एक निराळी कल्पना पुढे येते. १९९२ साली पॉल टॅलले यांच्या प्रयोगशाळेत ब्रोकोलीमधून सल्फोराफेन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हे द्रव्य स्वतः मूलकांना पकडीत नाही. ते पेशीला सौम्य चिमटा काढते, आणि त्या चिमट्याने जागी झालेली पेशी आपली संरक्षक एंझाइमे अधिक प्रमाणात तयार करू लागते. कोबी, मुळा, मोहरी या कुळातील वनस्पतींचा तिखट उग्रपणा अशाच द्रव्यांचा असतो. वनस्पतींनी किडींच्या निवारणार्थ बनविलेली ही सौम्य विषे जेवणातील मात्रेत माणसाला व्यायामासारखी उपकारक होत असावीत, असा तर्क त्यातून निघतो. विष म्हटले म्हणजे मात्रेचा प्रश्न आलाच. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांतून रोज ८०० मि. ग्रॅ. किंवा अधिक कॅटेचिन घेतल्यास यकृताला बाधा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला. हळदीच्या संहत गोळ्यांनी कावीळ झाल्याची उदाहरणे पुढील वर्षी इटलीत नोंदली गेली. कपातील चहा आणि फोडणीतील हळद यांच्याविषयी असा इशारा नाही.

गोळ्यांच्या बाजूने एका ठिकाणी मात्र स्पष्ट पुरावा आहे, आणि तो न सांगणे पक्षपाताचे होईल. वार्धक्यात नेत्रपटलाचा मध्यबिंदू झिजत जाण्याचा जो विकार होतो, त्याच्या मध्यम अवस्थेतील रुग्णांना क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन व जस्त यांच्या मिश्रणाने लाभ झाला; पाच वर्षांत विकार बळावण्याचा धोका सुमारे शेकडा २५ ने घटला (२००१). नंतरच्या प्रयोगात (२०१३) कॅरोटीन वगळून त्याऐवजी ल्युटीन व झिॲझँथीन ही पालेभाज्यांतीलच रंगद्रव्ये घालण्यात आली, कारण पूर्वी धूम्रपान केलेल्यांत कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग पुन्हा वाढविलेला दिसला. हा उपचार विशिष्ट रुग्णांसाठी आहे. निरोगी वृद्धाचे डोळे त्याने अधिक काळ टिकतात, असे या प्रयोगांनी दाखविलेले नाही.

राहता राहिला स्वयंपाकाचा विचार. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते. भाजी चिरून मग धुतली अथवा उकडून पाणी टाकून दिले, तर त्याचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. ऐन दुपारच्या जेवणात लिंबाची फोड पानात वाढण्याची पद्धत या दृष्टीने फार सोयीची आहे, कारण ते लिंबू शिजत नाही. कॅरोटीन व त्याच्या वर्गातील द्रव्ये यांचा प्रकार याच्या उलट आहे. ती वनस्पतिपेशीच्या भिंतीआड अडकलेली असतात. शिजविल्याने भिंती सैल होतात आणि थोडे तेल बरोबर असेल तरच आतड्यातून त्यांचे शोषण होते. कच्च्या टोमॅटोपेक्षा तेलात शिजविलेल्या टोमॅटोतील लायकोपीन अधिक प्रमाणात रक्तात उतरते, ते यामुळेच. शेवग्याचा पाला, माठ, अळू, मेथी यांना घातली जाणारी फोडणी म्हणूनच निव्वळ चवीची बाब नाही. दात गेलेल्या वृद्धास पचावी म्हणून पालेभाजी पुष्कळ पाण्यात उकडून, पाणी निथळून, बिनतेलाची वाढण्याची जी रीत अनेक घरांत पडली आहे, तीत क जीवनसत्त्व मोरीत जाते आणि कॅरोटीन तेलाअभावी आतड्यातून तसेच पुढे सरकते.